शेऱ्याचा रकाना



महिन्यापूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून मंडळी विहारातून पांगू लागली होती. रेल्वेत ट्रॅकमन असलेले आमचे एक जुने सहकारी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, पोरीला जरा समजवा. तुमचं ऐकते ती." पोरगी बी.एस्सी. झाली आहे, प्राणिशास्त्र घेऊन, आणि तेही चांगल्या गुणांनी. आता तिला वन्यजीवांचा अभ्यास करायचा आहे. म्हणजे रानात राहायचे, पक्षी मोजायचे, आकड्यांचे तक्ते भरायचे आणि दोन-तीन वर्षांनी त्यावर प्रबंध लिहायचा. बापाचे म्हणणे असे की बँकेची परीक्षा दे, तलाठ्याची दे, नाहीतर बी.एड. कर. "आमच्या बापजाद्यांनी ढोरं ओढली, लाकडं फोडली. रानातनं बाहेर पडायला तीन पिढ्या गेल्या, दादा. आता ही शिकून सवरून परत रानातच निघाली!"

खोटे कशाला बोला, आम्हाला आधी त्या बापाचेच पटले. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनी पत्करली. पहिल्या तारखेच्या पगाराची किंमत काय असते ते आमच्या घराला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी खेडी सोडा, शहर गाठा असे सांगितले ते उगीच नव्हे. निसर्गाचे कौतुक पोट भरलेल्यांनी करावे, असे आमच्या पिढीचे साधारण मत आहे आणि त्याला कारणेही आहेत. पण पोरीने वाद घातला नाही. पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढले आणि म्हणाली, "काका, एवढं वाचा. मग काय ते सांगा."

आमचे इंग्रजी कचेरीतल्या पत्रव्यवहारापुरते. शब्दकोश जवळ घेऊन बसलो. पंधरा-वीस दिवस लागले. पण वाचले, आणि म्हणून हा लेख.

पुस्तकाचे नाव 'द होम प्लेस'. आपल्या भाषेत 'घरची जागा' म्हणा. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखक जे. ड्रू लॅनहॅम, जन्म १९६५. हे गृहस्थ काळे आहेत, आणि धंद्याने पक्ष्यांचे अभ्यासक. साउथ कॅरोलिना राज्यात एजफील्ड नावाचा परगणा आहे, तिथले. त्यांचे पूर्वज त्याच भागात गुलाम म्हणून राबले. आई-वडील दोघेही शाळामास्तर, पण घरची शेती होती आणि शाळा सुटली की सगळे घर त्या जमिनीत राबत असे. ड्रूचे बालपण बरेचसे आजीच्या जुनाट घरात गेले. लहानपणी त्याला उडायची हौस. पाखरांकडे बघत बसायचे, हा त्याचा छंद.

आपल्याकडचा हुशार मुलगा जसा इंजिनियर व्हायला निघतो तसाच तोही निघाला. क्लेमसन विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकीला नाव घातले. मन रमेना. शेवटी ते सोडून प्राणिशास्त्र घेतले, त्यात पदवी, मग एम.एस्सी., आणि १९९७ साली वनशास्त्रात डॉक्टरेट. पुढे त्याच विद्यापीठात अनेक वर्षे प्राध्यापकी केली. जंगल तोडले, जाळले, पुन्हा लावले, की गाणाऱ्या पाखरांचे काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

हे क्लेमसन विद्यापीठ कुठे उभे आहे? जॉन कॅल्हून नावाचा गुलामगिरीचा कट्टर कैवारी अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या मळ्यावर! त्या मळ्यात गुलाम राबत. तिथे पहिला काळा विद्यार्थी घेतला गेला तो १९६३ साली, आणि तोही कोर्टाच्या हुकमाने. म्हणजे लॅनहॅमच्या जन्माच्या अवघी दोन वर्षे आधी. मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर १९७८ साली ठरावात आले आणि १९९४ साली नामविस्तार म्हणून हाती पडले. मधली सोळा वर्षे ज्यांनी सोसली, घरे जळताना पाहिली, त्यांना विद्यापीठाची जमीन आणि विद्यापीठाचे नाव म्हणजे काय असते ते वेगळे समजावून सांगायला नको.

आता पक्षी मोजतात कसे, ते पाहू. आम्ही कारकून असल्यामुळे आमचे लक्ष आधी तक्त्यावरच गेले. अमेरिकेत १९६६ पासून एक मोठी पक्षीगणना सुरू झाली. ठरावीक रस्ता असतो, साडेचोवीस मैलांचा, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर. त्यावर ५० थांबे, दर अर्ध्या मैलाला एक. सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधी पहिल्या थांब्यावर उभे राहायचे. गाडीतून उतरायचे, तीन मिनिटे थांबायचे, पाव मैलाच्या आत जो पक्षी दिसेल, ज्याचा आवाज येईल, तो मोजायचा. तीन मिनिटे झाली की गाडीत बसून पुढचा थांबा. असे चार-पाच तास. बहुतेक पक्षी नजरेला पडत नाहीत, कानानेच ओळखावे लागतात, म्हणून शेकडो आवाज पाठ असावे लागतात. दरवर्षी तोच रस्ता, तेच थांबे. त्यामुळे कुठला पक्षी वाढला, कुठला घटला, हे कळते. तक्त्यात वारा किती, आभाळ कसे, हे लिहायचे असते. आवाजात अडथळा येतो म्हणून तीन मिनिटांत रस्त्यावरून मोटारी किती गेल्या, त्यांचाही आकडा घालतात.

मोटारी किती गेल्या, एवढेच. मोटारीत कोण होते, त्याने मोटार हळू करून आपल्याकडे कसे पाहिले, याला तक्त्यात जागा नाही.

लॅनहॅमचा एक लेख नेमका या गणनेवर आहे. तो पुस्तकातही आहे. सकाळचे नऊ वाजून गेलेले, लख्ख ऊन, आडवळणाच्या गोऱ्या वस्तीतला रस्ता. एक काळा माणूस गळ्यात दुर्बीण, हातात कागद घेऊन कुणाच्यातरी घरासमोर कान देऊन उभा. आणि तो मनात धरून चालला आहे की आज आपल्याला झाडाला लटकावतील. वाचणाऱ्याला वाटेल, एवढे काय? पण त्या प्रदेशात काळ्या माणसांना झाडाला टांगून मारल्याचे प्रकार एक-दोन नाहीत, त्यांच्या जिल्हावार याद्या झालेल्या आहेत. प्रत्यक्ष कुणी अंगावर धावून यायलाच हवे असे नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाने गावातल्या चावडीवरून जाताना छाती का धडधडते, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. तसेच ते.

गंमत अशी की एवढी धडधड चालू असताना हा माणूस मोजणी सोडत नाही. तीन मिनिटे पुरी करतो. आवाज ओळखतो, आकडा मांडतो. तो आकडा सरकारी दप्तरी गेला. तिथे तो इतर हजारो आकड्यांसारखाच दिसणार. गोऱ्या प्राध्यापकाने मोजलेली सात पाखरे आणि लॅनहॅमने मोजलेली सात पाखरे, दोन्ही सातच. शास्त्राचे तसे असायलाच हवे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ती सात पाखरे मोजायला एकाला लागला नुसता कान आणि दुसऱ्याला लागले काळीज, हे कुठे नोंदवायचे?

आमच्या कचेरीत प्रत्येक नोंदवहीला उजवीकडे शेवटचा रकाना असतो, 'शेरा'. नव्वद टक्के वेळा तो कोराच राहतो. साहेब म्हणतात, शेरा लिहायचा तर कारण द्यावे लागते, कारण दिले की विचारणा होते, तेव्हा कोराच बरा. आम्हीही वर्षानुवर्षे कोराच ठेवला. आमच्या मते लॅनहॅम शास्त्रज्ञाचे लेखक झाले ते एवढ्याचसाठी. त्यांना शेऱ्याचा रकाना भरायचा होता, आणि शास्त्राच्या कागदावर तो नव्हता. शोधनिबंधात 'मी' लिहायचा नसतो. 'पक्षी आढळला', 'नोंद घेण्यात आली', अशी भाषा. अगदी आमच्या कचेरीसारखी. 'कार्यवाही करण्यात यावी'. कोणी करावी, ते नाही.

२०१३ साली त्यांनी 'ओरायन' नावाच्या नियतकालिकात काळ्या पक्षीनिरीक्षकासाठी नऊ नियम लिहिले. वरून विनोद, आतून आग. दुर्बिणीबरोबर ओळखपत्रे बाळगा, एक नव्हे तीन. डोक्यावर टोपी ओढलेला सदरा घालून पक्षी बघायला जाऊ नका. (त्याच्या आदल्याच वर्षी फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन नावाच्या सतरा वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घातली होती, तेव्हा त्याच्या अंगावर तसाच सदरा होता.) रात्रीची घुबडे बघायची हौस तर विसराच. आपल्याकडच्या पोरांना आपण काय सांगतो? लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसताना, गावात मोबाईलवर भीमगीत वाजवताना जपा. त्यांचे नियम नऊ, आपले मोजायला बसलो तर किती होतील?

पुस्तकाच्या उपनावात लॅनहॅम स्वतःला 'कलर्ड' माणूस म्हणवतात. शब्द जुना आहे आणि अपमानाचा आहे. अमेरिकेत एके काळी पाण्याच्या नळांवर पाट्या असत, हा नळ गोऱ्यांचा, हा 'कलर्ड' लोकांचा. चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वारसांना ही पाटी डोळ्यांपुढे आणायला कष्ट नकोत. लॅनहॅमने तो शब्द टाकून दिला नाही, उचलला आणि त्यात लाल माती, तपकिरी पाने, स्वतःची कातडी, सगळे रंग भरले. 'दलित' शब्दावरून आपल्याकडे आजही जोरात वाद होतात. काहींना तो नको, आपण बौद्ध आहोत असे ते म्हणतात, आणि आम्हीही बहुतेक वेळा तेच म्हणतो. पण शब्दाचे काय करायचे हे ज्याच्यावर तो फेकला गेला त्याने ठरवावे, एवढे मात्र खरे.

मग आले २०२०. २५ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ख्रिश्चन कूपर नावाचा काळा पक्षीनिरीक्षक सकाळी पाखरे बघत होता. एका गोऱ्या बाईचा कुत्रा मोकळा फिरत होता. नियमाप्रमाणे त्याला बांधा, एवढे त्याने सांगितले. बाईने पोलिसांना फोन लावून सांगितले की एक काळा माणूस माझ्या जिवावर उठला आहे. कूपरने ते मोबाईलवर टिपले म्हणून जगाने पाहिले. टिपले नसते तर? त्याच दिवशी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइडची मान पोलिसाने गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेतला. लॅनहॅमचे नऊ नियम विनोदाने लिहिलेले नव्हते, हे त्या दिवशी पुष्कळांना उमगले. पुढे २०२३ साली कूपरनेही आपले पुस्तक लिहिले. ज्या न्यूयॉर्कात हे घडले, तिथल्याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डू बॉईस यांना पत्र लिहिले आणि डू बॉईसनी उत्तर पाठवले, हेही दप्तरी आहे. तेव्हा हे नाते आम्ही ओढूनताणून जोडतो आहोत असे कुणी म्हणू नये.

तिकडे पाखरांचेही नामांतर सुरू झाले! मॅकाउन नावाच्या लष्करी माणसाने १८५१ साली टेक्सासात एक पाखरू मारले, त्याला त्याचे नाव पडले. पुढे हाच मॅकाउन गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या फौजेचा सेनापती झाला. नाव बदला अशी मागणी आली, २०१९ मध्ये ती फेटाळली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये मान्य झाली. आता त्या पाखराला नुसते 'जाड चोचीचा' अशा अर्थाचे नाव आहे. ऑडुबॉन हा तर अमेरिकी पक्षीचित्रांचा महर्षी समजला जातो. तोही गुलाम बाळगणारा, विकत घेणारा आणि विकणारा. लॅनहॅमने त्याच्यावर परखड लेख लिहिला, आणि तो छापला कुठे? ऑडुबॉनचेच नाव लावणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकात. त्या संस्थेने २०२३ साली नाव तेच ठेवायचे ठरवले. आम्हाला नवल वाटले नाही. महाराष्ट्र सरकारने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय २०२० च्या डिसेंबरात घेतला, पण पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी काय येते ते पाहा!

एजफील्डची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लॅनहॅमच्या दीडशे वर्षे आधी तिथे डेव्ह नावाचा एक गुलाम कुंभार होता. मोठाले रांजण घडवायचा. १८३४ साली त्या राज्याने कायदा केला की गुलामाला लिहायला शिकवणे गुन्हा आहे. आणि हा डेव्ह ओल्या मातीवर आपले नाव, तारीख आणि दोन-दोन ओळींची कवने कोरत असे! ते रांजण आज अमेरिकेच्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. भट्टीत भाजलेले अक्षर पुसता येत नाही. त्याच एजफील्डने पुढे लॅनहॅमला आपला मानाचा कवी म्हणून जाहीर केले. होय, ते कविताही लिहितात. २०२२ साली त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलर. हे आम्ही त्या ट्रॅकमन बंधूंसाठी मुद्दाम लिहितो आहोत, कारण त्यांचा पहिला प्रश्न "पण पैसे मिळतात का?" हाच होता. अर्थात असे हजारात एकाला मिळतात, तेही सांगून ठेवतो.

पुस्तक मिटल्यावर आम्हाला आमचे आजोबा आठवले. गावातले मेलेले जनावर ओढायची पाळी ज्यांच्यावर होती त्या पिढीतले ते शेवटचे. गिधाडांची त्यांच्याइतकी माहिती आम्ही पुन्हा कुणाकडे पाहिली नाही. आभाळात एक ठिपका आला की आधी कावळे कुठे बसतात, मग कोण उतरते, कुठले गिधाड आधी चोच घालते, किती घटकांत सांगाडा उरतो, सगळे सांगत. ते आम्हाला आवडीने सांगत असत असे नव्हे. चुकून तोंडून निघे आणि मग ते गप्प होत. महाडात बाबासाहेबांनी सांगितले, मेलेली ढोरे ओढू नका, ते मांस खाऊ नका. आपल्या लोकांनी ते सोडले. फार चांगले केले. ती विद्या त्या लाचारीबरोबर गेली, जाऊ दे.

पण १९९० नंतर गिधाडे गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना टोचायचे डायक्लोफेनॅक नावाचे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. संशोधकांनी आधी गिधाडे मोजलेली होती म्हणून हे कळले. आमच्या आजोबांनीही आयुष्यभर ती पाहिली, पण त्यांच्या हाती कागद नव्हता. आणि असता तरी त्यांनी लिहिले असते का? ज्या कामाची लाज वाटते त्यातले ज्ञान माणूस लिहीत नाही. लॅनहॅमच्या पणज्या-खापरपणज्यांनाही ते जंगल पाठ असणार. मालकाच्या वतीने पाठ.

ही सारी उजळणी मनात घेऊन परवा आम्ही त्या ट्रॅकमन बंधूंच्या घरी गेलो. पोरीने आपला पदवीच्या वर्षातला प्रकल्प दाखवला. एका गावच्या तळ्यावर तिने आणि दोन मैत्रिणींनी हिवाळाभर पक्षी मोजले होते. वारकरी ६०, टिबुकल्या १४, हळदीकुंकू बदके ९, पाणकावळे, खंड्या, बगळे. तारीख, वेळ, आकडा. अक्षर सुंदर. कारकुनाच्या नजरेने पाहिले, बेरजा बरोबर होत्या. उजवीकडचा शेरा रकाना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरा.

आम्ही सहज पान उलटले. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक लिहिलेले होते. तिसऱ्या फेरीला तळ्याकाठच्या एका घरी तिघींनी पाणी मागितले होते. म्हातारीने मायेने बसवले, मग एकेकीला आडनाव विचारले. दोघींना तांब्या दिला. हिच्या ओंजळीत वरून ओतले. खाली तिने लिहिले होते, पाणी गार होते, मी प्याले, मग परत जाऊन मोजणी केली, टिबुकल्या दोन वाढल्या.

बापाला हे ठाऊक नव्हते. त्यांनी चष्मा लावून ते वाचले. मग पुन्हा वाचले. आम्हाला वाटले, आता म्हणतील, बघा दादा, म्हणूनच मी नको म्हणत होतो. तसे ते म्हणालेही. पोरगी उठून चहा टाकायला गेली. तेवढ्यात त्यांनी कागद घडी न करता जपून पाटीवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघत विचारले, "का गं, बाकीची पानं कुठंयत?"

"आहेत, बाबा," ती आतून म्हणाली. "पण ती पेनानं लिहिलीत."